स्वभाव तपासून मिळेल

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या जमातींवर आजवर गाडाभर पुस्तकं लिहून झाली. माडिया झाले, कोलाम झाले, राजगोंड झाले. एक जमात मात्र सगळ्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटली. ती हंगामी आहे. दिवाळीची सुट्टी संपली की नागपूरच्या बाजूने येते आणि परीक्षा तोंडावर आल्या की परत जाते. यांच्यातले पुरुष कोट घालतात, गळ्यात ओळखपत्र अडकवतात, आणि तोंड उघडण्याआधी समोरच्यांकडून टाळ्या वाजवून घेण्याची यांच्यात प्रथा आहे. यांना व्यक्तिमत्त्व विकास प्रशिक्षक म्हणतात. आश्रमशाळा, कनिष्ठ महाविद्यालयं आणि पोलीस भरतीच्या अकॅडम्या ही यांची चराऊ कुरणं.

मी याच मुलखात मानसशास्त्र शिकवतो. व्यक्तिमत्त्वाचा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो, म्हणून या मंडळींचा माल कुठून येतो आणि त्यात भेसळ किती, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मवाळ शब्दांची अपेक्षा ठेवू नका.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका शिबिरात मी मागच्या बाकावर बसलो होतो. शाळेचं नाव सांगत नाही, मुख्याध्यापक बिचारे भले आहेत. पोरापोरींना चार रंगांचे फॉर्म वाटले. प्रश्न साठ, उत्तरं 'हो' किंवा 'नाही'. 'तुम्हाला पार्टीला जायला आवडतं का?' हा तिसरा प्रश्न. माझ्या शेजारची अकरावीची मुलगी बराच वेळ पेन धरून बसली. मग हळूच म्हणाली, "सर, पार्टी म्हंजे कोनची जी?"

तिचं बरोबर होतं. ती ज्या भागातून येते तिथे पार्टी दोनच प्रकारची. एक निवडणुकीत येते, दुसरी परवापरवापर्यंत रात्री जंगलातून यायची. कोट घातलेल्या अनोळखी माणसाने दिलेल्या कागदावर दुसरीबद्दल 'हो' लिहायला ती काही खुळी नव्हती. तिने 'नाही' लिहिलं. बहिर्मुखतेचा एक गुण गेला.

पुढचा प्रश्न, 'तुमची खोली तुम्ही नीटनेटकी ठेवता का?' खोली! एका हॉलमध्ये साठ पोरी, प्रत्येकीची एक पत्र्याची पेटी आणि पेटीवर घडी घातलेली चादर. 'तुम्हाला एकट्याने फिरायला आवडतं का?' हा प्रश्न ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पोरांना विचारणाऱ्याला एकदा एप्रिलच्या पहाटे मोहाखाली उभं करायला हवं. वाघाच्या भीतीने तिथे बाया घोळक्याने मोहफुलं वेचायला जातात. एकटी जाणारी बाई अंतर्मुख नसते, जिवावर उदार झालेली असते. 'नवनवे अनुभव घ्यायला आवडतात का?' यालाही बहुतेकींनी 'नाही' लिहिलं. यातल्या कितीतरी पोरी आईबापाबरोबर मिरची तोडायला तेलंगणात जाऊन आलेल्या. परमुलूख, परकी भाषा, पालाखाली मुक्काम. तो अनुभव नवा होता खरा, पण आवडला का, असं त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

तासाभरात निकाल लागला. माझ्या शेजारणीच्या हातात लॅमिनेट केलेला कागद आला: स्वभाव अंतर्मुख, आत्मविश्वासाचा अभाव, नेतृत्वगुण कमी, रंग निळा. तिने तो पेटीत जपून ठेवला असणार. ठप्पा मारलेला कागद जपून ठेवावा, एवढं तरी सरकारने आदिवासींना शिकवलंच आहे.

वाण्याच्या काट्यावरसुद्धा वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. काटा खोटा निघाला तर दंड होतो. पोरांचा स्वभाव तोलणाऱ्या या काट्याला शिक्का कोणाचा? तो कुठल्या मुलांवर पारखून घेतला, कुठल्या भाषेत, आणि तीच मुलगी महिन्याने पुन्हा बसली तर तोच रंग येतो का? हे मी चहाच्या वेळी विचारलं. प्रशिक्षक हसून म्हणाले, "सर, हे अमेरिकन मॉडेल आहे." वादच मिटला.

तर ते अमेरिकन मॉडेल एकदा बघूच. माणसांचे ठरावीक साचे पाडणारी जी चाचणी जगभर सर्वांत जास्त खपते, ती कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स या दोघींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरी बसून रचली. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीचंही नव्हतं. इसाबेलबाई त्याआधी रहस्यकथा लिहीत, आणि त्या बऱ्या लिहीत असं म्हणतात. मूळ कल्पना युंगच्या १९२१ च्या ग्रंथातली. युंगनेही ती रुग्णांकडे बघून, स्वतःच्या मनाचे कोपरे धुंडाळून मांडली होती, मोजूनमापून नव्हे. या चाचणीला काही आठवड्यांनी पुन्हा बसलेल्यांपैकी पुष्कळांचा साचा बदलून येतो. कारण साधं आहे. बहुतेक माणसं कुठल्याही गुणात मधोमध असतात. मधोमध उभ्या माणसाला रेघ मारून इकडे किंवा तिकडे ढकललं, तर एखाद्या उत्तरानेही तो पलीकडे जातो. आणि आमच्याकडे जे येतं, ते याच चाचणीचं चौथ्या हाताने उतरवलेलं झेरॉक्स.

याहून भारी प्रकार म्हणजे बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगणारे. लहानग्याच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि तो डॉक्टर होणार की खेळाडू ते छापून द्यायचं. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनला जिचा झिजलेला अंगठा ओळखू येत नाही म्हणून जी म्हातारी तांदळाविना परत जाते, तिच्याच नातवाच्या अंगठ्यातून यांना त्याचं भवितव्य दिसतं. ठसे आणि स्वभाव यांचा संबंध दाखवणारा पुरावा काय, म्हणून विचारलं तर पुन्हा एखाद्या परदेशाचं नाव तोंडावर फेकतात.

मग पोरं आणि पालक खूश का होतात? "अगदी माझ्यासारखंच लिहिलंय," असं का म्हणतात? याचं उत्तर १९४९ सालीच मिळालेलं आहे. बर्ट्राम फोरर नावाच्या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याभराने प्रत्येकाला 'खास त्याचं' वर्णन दिलं. किती जुळलं, असं विचारल्यावर विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. गंमत अशी की सगळ्यांना एकच वर्णन दिलेलं होतं आणि त्यातली बरीचशी वाक्यं रस्त्यावरच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. वरून तुम्ही शांत दिसता पण आतून काळजी करता, तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे: हे कोणाला लागू होत नाही? यवतमाळच्या बसस्टँडवरचा पोपटवाला हेच दहा रुपयांत सांगतो, आणि पोपट निदान लॅमिनेशनचे पैसे मागत नाही.

इथे कोणी म्हणेल की व्यक्तिमत्त्वाचं सगळं शास्त्रच थोतांड आहे. नाही. माझी चीड या शास्त्रावर नाही, त्याच्या नावावर चालणाऱ्या दुकानदारीवर आहे. माणसामाणसांच्या स्वभावात फरक असतो आणि तो बऱ्यापैकी टिकतो. हे एका घरात दोन लेकरं वाढवलेल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून यातला जवळजवळ निम्मा फरक जन्मजात दिसतो. हार्वर्डच्या गॉर्डन ऑलपोर्टने १९३६ मध्ये ऑडबर्ट नावाच्या सहकाऱ्याला हाताशी धरून इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश पिंजून काढला आणि माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द गोळा केले. टिकाऊ गुण सांगणारे त्यात साडेचार हजार निघाले. पुढच्या लोकांनी ते गाळत, एकमेकांत मिसळत पाच मोठ्या गुणांवर आणले: बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती, कर्तव्यदक्षता, मनाची अस्थिरता आणि नव्याबद्दलचा खुलेपणा. हे पाच गुण साचे नाहीत, मोजपट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतोच. मेहनतीने केलेलं, पुन्हापुन्हा तपासलेलं काम आहे हे, आणि त्याचा मला आदर आहे.

पण ते तपासलं कोणावर? बहुतांशी शहरातल्या, शिकलेल्या, कागदावर खुणा करायची सवय असलेल्या लोकांवर. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात. शिकार, मासेमारी आणि थोडी शेती, म्हणजे भामरागडच्या माणसाला फार परकं वाटू नये असं जगणं. मायकेल गर्व्हन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ६३२ जणांना त्यांच्याच भाषेत, तोंडी, एकेकाला बसवून प्रश्न विचारले. २०१३ मध्ये निष्कर्ष छापला. ते पाच गुण काही वेगळे निघालेच नाहीत. निघाले ते ढोबळ दोन: माणूस लोकांच्या उपयोगी पडतो का, आणि कष्टाळू आहे का. मला यात त्सिमाने लोकांचं काही उणं दिसत नाही. ज्या गावात प्रत्येकाला थोडं थोडं सगळंच करावं लागतं, तिथे स्वभावाचे कप्पेही शहरासारखे पडत नसावेत. २०१९ मध्ये आणखी एक मोठं काम छापून आलं. २३ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरोघरी जाऊन विचारलेल्या अशाच प्रश्नांची उत्तरं तपासली, तर ते प्रश्न जे मोजतात असं मानलं होतं ते तिथे धड मोजतच नव्हते. एक मोठं कारण असं की समोर बसून कोणी विचारलं की लोक 'हो' म्हणून टाकतात.

हे मला कळायला परदेशी नियतकालिक लागलं नसतं. कोरचीपासून सिरोंचापर्यंत कुठल्याही गावात साहेबाने काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर 'होय जी' असतं. साहेब गेल्यावर खरी चर्चा सुरू होते.

आता त्या निळ्या रंगाच्या मुलीकडे वळतो. मे महिन्यात धानोऱ्याच्या बाजूला तिच्या गावावरून जात होतो. तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटे तीनला जंगलात जायचं, पानं आणायची, दुपारभर अंगणात बसून ७० पानांचा एक असे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. फळीवर रांग लागलेली, मुन्शी वही घेऊन बसलेला, जमिनीवर पुड्यांच्या ओळी. ही पोर आईचे पुडे मोजत होती. ओठांतल्या ओठांत गोंडीत मोजायची आणि आकडा मराठीत मोठ्याने सांगायची. मुन्शीने शंभरामागे चार पुडे जास्तीचे मागितले.

"शंभर म्हंजे शंभर. वरचे चार कायचे जी?"

"वाळल्यावर तूट येते, पोरी."

"तूट आली त तुमच्या मालकाची, मुन्शीजी. आमची काहून?"

मुन्शी चिडला, रांग हसली. तिने आईचे पुडे उचलून पुन्हा टोपल्यात भरायला घेतले, मागच्या दोन बायांनीही आपापले उचलले. मुन्शीने निमूटपणे शंभराला शंभर लिहिलं. नेतृत्वगुण कमी!

चाचणीत एक आणि प्रसंगी दुसरंच, यावर मानसशास्त्रात काम झालेलं आहे, आणि ते माझ्या विद्यार्थ्यांना पाठ असतं, फक्त त्याचा उपयोग कोणी करत नाही. वॉल्टर मिशेलने १९६८ च्या पुस्तकात दाखवून दिलं की चाचणीत मिळालेल्या गुणांवरून एखाद्या विशिष्ट प्रसंगी माणूस कसा वागेल हे फार थोडं सांगता येतं. त्याच्याही चाळीस वर्षं आधी हार्टशोर्न आणि मे यांनी दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांना खोटेपणाच्या निरनिराळ्या संधी देऊन पाहिलं, तर परीक्षेत नक्कल करणारं पोर खेळातही फसवेलच असं काही निघालं नव्हतं. मिशेलवर पुढे बरीच उलटटीका झाली आणि काही रास्त होती. एका प्रसंगाऐवजी शंभर प्रसंगांची सरासरी काढली की स्वभाव स्पष्ट दिसू लागतो, हे त्याच्या विरोधकांनी सिद्ध केलं. पण त्याने आणि युइची शोडाने नंतर, १९९५ पर्यंत, जी मांडणी केली ती मला सर्वांत पटते. एका उन्हाळी शिबिरातल्या मुलांना आठवडेच्या आठवडे न्याहाळून ते म्हणाले की स्वभाव सरासरीत शोधू नका, जर-तरमध्ये शोधा. मोठ्यांनी दटावलं तर हा मुलगा उसळतो, पण बरोबरीच्याने चिडवलं तर गप्प बसतो. दुसऱ्याचं नेमकं उलटं. हे जर-तर पक्कं असतं आणि तीच त्या मुलाची ओळख असते.

आमच्या पोरीचं जर-तर असं: कोटवाला समोर असेल तर मान खाली, हिशेबात लबाडी दिसली तर मान वर. हे कुठल्या रंगात बसवता?

पण आपल्याला समोरच्याचा स्वभाव दिसतो, त्याच्या भोवतालची परिस्थिती दिसत नाही. ली रॉसने १९७७ मध्ये या खोडीला मूलभूत चूक म्हटलं. त्यातही आपल्याला एक दिलासा होता. जोन मिलर या बाईंनी १९८४ मध्ये शिकागोची आणि म्हैसूरची माणसं ताडून पाहिली. कोणी वाईट वागलं तर का वागलं, असं विचारल्यावर अमेरिकन प्रौढ त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवत, म्हैसूरकर त्याच्या परिस्थितीकडे. आठ वर्षांच्या मुलांत मात्र दोन्हीकडे फरक नव्हता. म्हणजे स्वभावाच्या माथी सगळं मारण्याची खोड शिकवावी लागते. कोट घालून आम्ही आता नेमकी तीच शिकवतोय.

आणि शिकवणारे फक्त शिबिरवाले नाहीत. आपल्या प्रशासनात, स्टाफरूममध्ये, वर्तमानपत्रांत इथल्या माणसाचं स्वभाववर्णन कधीचं तयार आहे. आदिवासी भोळा, बुजरा, उद्याची चिंता न करणारा. मूल शाळेत गप्प बसतं, कारण घरी माडिया बोलणाऱ्या मुलापुढे पहिल्या दिवसापासून मराठी ओतली जाते. लिहिताना मात्र 'विद्यार्थी बुजरे' असंच लिहितात. शिक्षकाला माडिया येत नाही हा शिक्षकाचा स्वभावदोष म्हणून मी कुठल्या अहवालात वाचलेला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. आमची मानसशास्त्राची प्राध्यापक मंडळीही यात मागे नाहीत. परदेशी प्रश्नावलीचं ओबडधोबड भाषांतर करायचं, शंभर आदिवासी आणि शंभर बिगरआदिवासी विद्यार्थ्यांना वाटायचं, फरक काढायचा आणि 'आदिवासी विद्यार्थ्यांत आत्मविश्वास कमी आढळला' असं लिहून पदवी घ्यायची. असले प्रबंध चाळून माझे डोळे गेले.

जमातीच्या माथी स्वभाव मारण्याची किंमत या देशाने मोजलेली आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आणि तो कायदा जायला १९५२ उजाडावं लागलं. ठप्पा अजून गेलेला नाही. 'भोळा' हा त्यामानाने मवाळ ठप्पा वाटतो, पण काम तेच करतो. भोळ्याला विचारायचं कशाला, त्याच्या वतीने आपणच ठरवू! १८५८ मध्ये चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाकेंना फाशी देणाऱ्यांचा तरी गोंड भोळा असल्याचा समज राहिला नसावा.

उलटा दाखलाही याच मातीतला आहे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. श्वास मोजायचा, वजन करायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा, वेळ पडली तर इंजेक्शनही द्यायचं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला होता, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. शाळा फार न शिकलेल्या या बायांना आधी चार रंगांचा फॉर्म दिला असता तर किती जणी पास झाल्या असत्या? त्यांच्या हातात प्रशिक्षण आलं, खांद्यावर पिशवी आली, गावाने भरवसा ठेवला. स्वभाव बदलायला कोणी गेलं नव्हतं, परिस्थिती बदलली.

मेंढा-लेखाही तेच सांगतं. पाचशेच्या आसपास वस्तीचं गाव. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. अभ्यासगटात बसून कायदा वाचायचा, कळला नाही तर पुन्हा बसायचं. २००९ मध्ये या गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती द्यायला केंद्रातले मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. तिथल्या सभेत अर्धा अर्धा तास कोणी बोलत नाही, आणि जो शेवटी दोन वाक्यं बोलतो त्याच्यावर निर्णय फिरतो. आमच्या प्रशिक्षकांच्या गटचर्चेत हा माणूस पाच मिनिटांत बाद झाला असता. त्यांच्या लेखी जो जास्त बोलतो तो पुढारी.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण पुढे त्याला गुण असतात. केंद्रीय लोकसेवा आयोग आपल्या मुलाखतीला व्यक्तिमत्त्व चाचणीच म्हणतो, २०२५ पैकी २७५ गुणांची. खालच्या पायऱ्यांवर, खाणीत, कारखान्यात, बँकेच्या एजन्सीत, तर गुणांचाही हिशेब नसतो. 'अ‍ॅटिट्यूड दिसला नाही' एवढ्यावर पोर घरी जातं. तिथे बसलेल्या साहेबांना तेंदूच्या फळीवर बसवा, शंभर पुडे मोजायला द्या, आणि मग त्यांचा आत्मविश्वास किती राहतो ते पाहू.

मुख्याध्यापकांनो, आता पुन्हा दिवाळी होईल आणि कोटवाले येतील. चाचणी कुठल्या मुलांवर तपासली, कुठल्या भाषेत तपासली आणि त्याचा छापील पुरावा कुठे आहे, एवढं दारातच विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्यांना नागपूरची बस दाखवा. शिबिरासाठी काढलेली रक्कम गावातल्या माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या एखाद्या बारावी झालेल्या पोरीला महिन्याचं मानधन म्हणून द्या, पहिली-दुसरीच्या वर्गात बसवा. आणि मागच्या वर्षी वाटलेले ते रंगीत कागद पोरांच्या पेट्यांतून परत मागून घ्या.